देवघरातली लक्ष्मी ज्यांनी रंगवली, ते राजा रविवर्मा

आपल्याकडे जुन्या घरात गेलं की देवघराच्या भिंतीवर एखादी जुनी तसबीर दिसतेच. कमळावर उभी असलेली चार हातांची लक्ष्मी, बाजूला हत्ती. नाहीतर हातात वीणा घेऊन बसलेली सरस्वती. काच धुरकट झालेली, चौकट वाळवीने खाल्लेली, पण दिवाळीला त्याच तसबिरीला हार पडतो. लक्ष्मी म्हटलं की डोळ्यासमोर जो चेहरा येतो, तो कुणीतरी एकदा ठरवलेला आहे आणि तो ठरवण्यात सगळ्यात मोठा वाटा आहे केरळातल्या एका चित्रकाराचा. राजा रविवर्मा त्यांचं नाव. त्यांच्या चित्रांचा छापखाना शेवटी आपल्याच महाराष्ट्रात, लोणावळ्याजवळच्या मळवलीत स्थिरावला होता, हे मात्र फार कमी जणांना माहीत आहे.

नावात राजा असलं तरी रविवर्मा कुठल्या गादीवर बसलेले राजे नव्हते. त्यांचा जन्म 29 एप्रिल 1848 रोजी त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूर या गावी झाला. आता हा भाग केरळमध्ये येतो. किळिमानूरचं घराणं जहागीरदाराचं आणि त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरीक असलेलं. वडील संस्कृतचे जाणकार, तर आई उमाअंबाबाई स्वतः कविता करणाऱ्या. घरात पुराणं, कथकली, गाणं यांचं वातावरण होतं. रामायण-महाभारतातल्या गोष्टी या मुलाने ऐकतच मोठं व्हायचं होतं.

कोळशाने रंगवलेल्या भिंती

लहानपणी रविवर्मा हाताला सापडेल त्या कोळशाने वाड्याच्या भिंतींवर हत्ती, घोडे, माणसं काढत, असं सांगतात. पांढऱ्या भिंती काळ्या केल्या म्हणून घरातले गडी वैतागायचे. पण मामा राजराज वर्मा यांनी ते पाहिलं आणि पोराला रागावायचं सोडून शिकवायला घेतलं. मामा स्वतः तंजावर पद्धतीची चित्रं काढत. घरच्यांनी त्या वेळी भिंत खराब केली म्हणून हात बांधले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

1862 मध्ये मामा चौदा वर्षांच्या भाच्याला घेऊन त्रिवेंद्रमला गेले. तिथे आयिल्यम तिरुनाळ महाराजांचं राज्य होतं. महाराजांना चित्रकलेची आवड. त्यांनी मुलाचा हात पाहिला आणि दरबारात राहून शिकायची परवानगी दिली. राजवाड्यात युरोपातून आलेली चित्रांची पुस्तकं होती. ती बघून रविवर्मा तासन् तास सराव करत.

आता अडचण सुरू झाली ती इथून. त्या काळी तैलरंग म्हणजे नवीन गोष्ट होती. आपल्याकडे जवस पिकतो ना, त्याच जवसाच्या तेलात रंग घोटून हे तैलरंग तयार होतात. पाण्यातला रंग लगेच वाळतो, तेलातला सावकाश. त्यामुळे चित्रकाराला एक छटा दुसऱ्या छटेत मिसळायला वेळ मिळतो. गालावरचा उजेड, हाताच्या कातडीचा मऊपणा, रेशमाची चमक हे सगळं त्यामुळे खरं वाटतं. पण ही विद्या शिकवायला कोणी तयार नव्हतं. दरबारातले चित्रकार रामस्वामी नायडू यांना तैलरंगाचं तंत्र येत होतं, मात्र उद्या आपल्याच जागेवर येईल या भीतीने त्यांनी या पोराला ते सांगितलं नाही. नायडूंच्या हाताखाली काम करणारे आरुमुगम पिल्लै यांनी मात्र गुपचूप येऊन जमेल तसं दाखवलं.

1868 मध्ये थिओडोर जेन्सन नावाचे युरोपीय चित्रकार महाराजांचं चित्र काढायला आले. त्यांनीही शिकवायला नकार दिला. फार तर काम चालू असताना बघू दिलं. बघायला मिळालं, एवढ्यावर रविवर्मांनी भागवलं. साहेब कुंचला कसा धरतो, आधी कोणता रंग लावतो, सावली कशी टाकतो हे नजरेने टिपायचं आणि खोलीवर जाऊन करून पाहायचं. चुकलं की पुसायचं, परत करायचं. मुंबईत 1857 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं होतं. युरोपातल्या कलाशाळांमधली जी शिस्तबद्ध पद्धत, जिला अकॅडेमिक शैली म्हणतात, ती तिथे शिकवली जायची. रविवर्मा अशा कुठल्याच शाळेत गेले नाहीत, तरी त्या शैलीतलं सगळ्यात मोठं भारतीय नाव त्यांचंच झालं.

पहिली कमाई, पहिलं पदक

1866 मध्ये रविवर्मांचं लग्न मावेलिक्करा राजघराण्यातल्या भागीरथीबाईंशी झालं. केरळातल्या या घराण्यांमध्ये आईकडून वारसा चालायचा, बायको माहेरीच राहायची आणि मुलं आईच्या घराण्याची धरली जायची. त्यामुळे रविवर्मांचा संसार दोन ठिकाणी विभागलेला राहिला. पुढे कामासाठी सतत फिरतीवर राहिल्याने घरचा सहवास आणखीच कमी झाला. दोन मुलगे आणि तीन मुली असं त्यांचं कुटुंब होतं.

1870 मध्ये ते कोल्लूरच्या मूकांबिका देवीच्या दर्शनाला गेले आणि त्यानंतर चित्रकला हाच धंदा करायचा असं त्यांनी ठरवलं. त्याच सुमारास कालिकतच्या एका न्यायाधीशाच्या कुटुंबाचं चित्र काढून त्यांनी पहिली कमाई केली. आज हे साधं वाटतं. पण त्या वेळी खानदानी घरातल्या माणसाने पैसे घेऊन चित्रं काढायची, ही लोकांच्या भुवया उंचावणारी गोष्ट होती. कारागिराचं काम कारागिराने करावं, जहागीरदाराने नाही, असा तो काळ होता.

1873 साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या एका चित्राला गव्हर्नरचं सुवर्णपदक मिळालं. केसांत फुलांची माळ घालणारी नायर स्त्री, एवढाच त्या चित्राचा विषय. देव नाही, राजा नाही, घरातली बाई आरशासमोर बसून नटते आहे. व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही त्याचा गौरव झाला. पुढच्याच वर्षी परत मद्रासचं पदक. 1876 मध्ये त्यांनी कमळाच्या पानावर दुष्यंताला पत्र लिहिणारी शकुंतला रंगवली. ते चित्र मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतलं. ज्याला कुणी शिकवायला तयार नव्हतं, त्याच्याकडे आता मोठमोठे साहेब आणि संस्थानिक स्वतःची चित्रं काढून घ्यायला रांग लावू लागले.

कवळाण्याचा राजा आणि केरळचा चित्रकार

रविवर्मांच्या आयुष्याला मोठं वळण दिलं ते बडोद्याने. 1880 मध्ये आयिल्यम तिरुनाळ महाराज वारले. नंतर गादीवर आलेल्या महाराजांशी रविवर्मांचं तितकं जमलं नाही आणि त्यांनी त्रावणकोरबाहेर काम शोधायला सुरुवात केली. त्या वेळी बडोद्याचे दिवाण होते सर टी. माधवराव. ते आधी त्रावणकोरचे दिवाण होते, त्यामुळे रविवर्मांचं काम त्यांना ठाऊक होतं.

बडोद्याच्या गादीवर होते सयाजीराव गायकवाड. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं कवळाणे हे त्यांचं गाव. शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा 1875 मध्ये दत्तक जाऊन बडोद्याचा महाराजा झाला होता. डिसेंबर 1881 मध्ये त्यांच्या हाती पूर्ण कारभार आला. त्या प्रसंगाच्या निमित्ताने रविवर्मा बडोद्यात आले आणि काही महिने राहून राजघराण्यातल्या माणसांची चित्रं काढली.

पुढे 1888 मध्ये सयाजीरावांनी त्यांना मोठं काम दिलं. रामायण, महाभारत आणि पुराणांतल्या प्रसंगांवर चौदा चित्रं काढायची. आता प्रश्न पडला कपड्यांचा. सीता, द्रौपदी, दमयंती या सगळ्या देशाच्या. मग त्यांना कुठल्या मुलखाची साडी नेसवायची? केरळची नेसवली तर उत्तरेतल्या माणसाला परकी वाटणार आणि राजस्थानी घागरा घातला तर दक्षिणेतल्या माणसाला. हे ठरवण्यासाठी रविवर्मा धाकटे भाऊ सी. राजराज वर्मा यांना बरोबर घेऊन उत्तर भारतात फिरले. माणसं पाहिली, दागिने पाहिले, देवळं पाहिली. शेवटी साडीच त्यांना सगळीकडे चालेल अशी वाटली आणि त्यांच्या कितीतरी नायिका आपल्या नऊवारीसारख्या नेसणीत दिसू लागल्या. आज टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेत सीता साडीत दिसते, त्याचं एक मूळ इथे आहे.

ही चौदा चित्रं तयार झाल्यावर मुंबईत लोकांना बघायला ठेवली गेली. तोबा गर्दी झाली. शंतनू आणि मत्स्यगंधा, विश्वामित्र आणि मेनका, हरिश्चंद्र आणि तारामती अशी आजीच्या गोष्टीतली माणसं हाडामांसाची होऊन समोर उभी होती. लोक त्या चित्रांचे फोटो विकत घेऊन घरी नेऊ लागले. सामान्य माणसाला चित्र कळत नाही असं म्हणणाऱ्यांना ते उत्तरच होतं.

1893 मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात जागतिक प्रदर्शन भरलं. त्याच वर्षी त्याच शहरात सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या प्रदर्शनात रविवर्मांची दहा चित्रं गेली होती. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या स्त्रिया हा त्यांचा विषय. तिथेही त्यांना पदकं मिळाली.

मुंबईचा छापखाना

राजवाड्यातली चित्रं राजवाड्यातच राहणार. एक माणूस दिवसाला किती चित्रं काढणार आणि ती किती जणांना परवडणार? माधवरावांनी फार आधीच रविवर्मांना सुचवलं होतं की निवडक चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या, म्हणजे मागणीही भागेल आणि देशाचीही सेवा होईल. रविवर्मांनी ते मनावर घेतलं, फक्त छपाई युरोपात न करता इथेच करायची ठरवली.

1894 मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना सुरू झाला. यंत्रं जर्मनीतून आली, कारागीरही जर्मन. गोवर्धनदास खटाव मखनजी हे व्यापारी भागीदार होते. छपाईची पद्धत होती शिळाछाप. गुळगुळीत केलेल्या खास दगडावर तेलकट शाईने चित्र उतरवायचं. दगड ओला केला की जिथे तेलकट खूण आहे तिथेच शाई धरते, बाकी ठिकाणी धरत नाही. पण एका दगडावर एकच रंग. म्हणजे लक्ष्मीच्या साडीचा रंग वेगळा दगड, कातडीचा रंग वेगळा, पाण्याचा वेगळा. असे कितीतरी दगड एकाच कागदावर एकामागून एक, केसभरही न हलता उमटवायचे. थोडं सरकलं की चेहरा बिघडला. वरून चकाकी दिली की छापील चित्र तैलचित्रासारखं दिसायचं.

शकुंतलेचा जन्म हे तिथे छापलेलं पहिलं चित्र. मग लक्ष्मी आली, सरस्वती आली, राम, कृष्ण, शंकर आले. ही चित्रं बाजारात पोहोचली आणि गावोगाव गेली. कित्येक घरांत बायकांनी चित्रातल्या देवीच्या साडीवर जर आणि टिकल्या चिकटवून ती आणखी नटवली. पुढे काडेपेट्यांवर, कॅलेंडरवर, औषधांच्या जाहिरातींवर तेच चेहरे झळकले.

या छपाईचा अर्थ नीट समजून घ्यायचा तर तो काळ आठवावा लागतो. देशात लाखो माणसांना देवळाच्या पायरीपर्यंतही जाऊ दिलं जात नव्हतं. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 साली झाला. खुद्द रविवर्मांच्या त्रावणकोरमध्ये सर्वांना मंदिरं खुली झाली ती 1936 मध्ये. त्याच्या किती तरी आधी हा छापील देव बाजारात मिळत होता. पैसे दिले की घरी. तिथे पुजारी आडवा येत नव्हता, जात विचारली जात नव्हती. रविवर्मा काही समाजसुधारक नव्हते, छापखाना त्यांनी धंदा म्हणूनच काढला होता. पण परिणाम झाला तो मोठा झाला. ज्याला गाभारा दिसला नाही, त्याच्या झोपडीत देव आला.

प्लेग, कर्ज आणि मळवली

चित्रं खपत होती, तरी छापखान्याचं गणित काही बसत नव्हतं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं पटापट मरू लागली, कामगार शहर सोडून गावाकडे पळाले. भागीदाराशीही बिनसलं. छापखाना आधी घाटकोपरला हलवला आणि मग 1899 मध्ये लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यांशेजारी मळवलीला नेला. रेल्वे जवळ, हवा चांगली, प्लेगपासून लांब. पण तोपर्यंत कर्ज डोक्यावर बसलं होतं. दोघे भाऊ चित्रकार, हिशेबाचे पक्के नव्हेत. चित्रं काढायला एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात फिरायचं आणि आलेला पैसा छापखान्यात ओतायचा, असं किती दिवस चालणार? शेवटी 1901 मध्ये त्यांनी छापखाना तिथलेच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकून टाकला. ज्या कामाने त्यांचं नाव घरोघरी गेलं, त्याच कामात त्यांनी पैसा गमावला.

नवीन मालकाने मात्र तो नीट चालवला. रविवर्मांच्या नावानेच चित्रं निघत राहिली. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके यांनीही काही काळ या छापखान्यासाठी काम केलं. हेच पुढे दादासाहेब फाळके म्हणून ओळखले गेले आणि 1913 मध्ये त्यांनी राजा हरिश्चंद्र हा चित्रपट काढला. पुराणातले प्रसंग डोळ्यांसमोर उभे करायचे, हे काम रविवर्मांनी रंगाने केलं, तेच फाळक्यांनी हलत्या चित्राने केलं. मळवलीचा हा छापखाना 1972 मध्ये आगीत नष्ट झाला.

भाऊ गेला आणि कुंचला थांबला

रविवर्मांच्या यशात धाकट्या भावाचा वाटा फार मोठा आहे. राजराज वर्मा स्वतः चांगले चित्रकार होते. डोंगर, पाणी, झाडं असा देखावा काढण्यात त्यांचा हात बसलेला. मोठ्या भावाच्या अनेक चित्रांमागचा देखावा त्यांचा आहे. प्रवास, पत्रव्यवहार, गिऱ्हाइकांशी बोलणी हे सगळं तेच बघत आणि रोजनिशीही लिहीत. मोठ्या भावाचं नाव मोठं व्हावं म्हणून हा माणूस आयुष्यभर मागे उभा राहिला.

1904 मध्ये इंग्रज सरकारने रविवर्मांना कैसर-ए-हिंद हे सुवर्णपदक दिलं. म्हैसूरच्या महाराजांकडूनही नवीन राजवाड्यासाठी मोठं काम मिळालं होतं. पण 1905 च्या सुरुवातीलाच राजराज वर्मा आजारपणात गेले. वय जेमतेम 44. हा धक्का रविवर्मांना झेपला नाही. मधुमेहाने शरीर आधीच पोखरलं होतं. 2 ऑक्टोबर 1906 रोजी किळिमानूरच्या त्याच वाड्यात, जिथल्या भिंती त्यांनी कोळशाने काळ्या केल्या होत्या, त्यांनी शेवटचा श्वास घेतला. तेव्हा ते 58 वर्षांचे होते.

टीका झाली, चित्रं उरली

मरणानंतर त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली. बंगालमधल्या कलावंतांनी आणि भगिनी निवेदिता, आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या जाणकारांनी म्हटलं की ही भारतीय कला नव्हे, इंग्रजी पद्धतीची नक्कल आहे आणि देवांना नाटकातली पात्रं करून टाकलं आहे. अजिंठ्याची परंपरा सोडून साहेबाच्या मागे कशाला जायचं, असा तो प्रश्न होता. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. त्यांच्या देवी गोऱ्या, खानदानी, दागिन्यांनी मढलेल्या. उन्हात राबून काळवंडलेली बाई त्यांच्या चित्रांत क्वचितच भेटते. पुढे कॅलेंडरवाल्यांनी त्याच चेहऱ्यांच्या इतक्या नकला केल्या की देवीचा रंग गोराच असतो असं लोकांना वाटायला लागलं.

पण काळाने त्यांचं मोल मान्य केलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडचे लेखक रणजित देसाई यांनी त्यांच्या आयुष्यावर मराठीत कादंबरी लिहिली. 1979 मध्ये केंद्र सरकारने त्यांची चित्रं राष्ट्रीय ठेवा ठरवली आणि ती देशाबाहेर विकायला बंदी आली. 2013 मध्ये बुध ग्रहावरच्या एका विवराला वर्मा हे नाव दिलं गेलं. मूळ चित्रं आज बडोदा, म्हैसूर, त्रिवेंद्रम इथल्या संग्रहालयांत पाहायला मिळतात.

मूळ चित्रं बघायला तिकडे जावं लागेल, पण छापील चित्र कदाचित आपल्याच घरात असेल. दिवाळीच्या साफसफाईत जुनी तसबीर भंगारवाल्याला देण्याआधी किंवा नदीत सोडण्याआधी एकदा चित्राची खालची कड पाहा. बारीक इंग्रजी अक्षरांत रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं छापलेलं असेल तर ते शंभर वर्षांपूर्वीचंही असू शकतं. पाण्याने पुसू नका, कागद फुगतो. कोरड्या मऊ कापडाने फक्त काच पुसा, ओल असलेल्या भिंतीवरून काढा आणि उन्हापासून लांब ठेवा. पणजीने बाजारातून आणलेली ती लक्ष्मी आणखी एक पिढी टिकेल.